पार्किंगच्या भिंती पाडण्याआधी इमारत हलेल कशी, ते तपासून घेऊ

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था मर्या., पुणे

विषय : स्टिल्टमधील (पार्किंगच्या तळमजल्यातील) भिंती काढणे व गच्चीवर वाढीव टाकी बांधणे या ठरावांपूर्वी इमारत भूकंपात कशी हलेल याचे गणित, म्हणजे मोडल अ‍ॅनालिसिस करून घेण्याबाबत.

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत दोन कामे आहेत. स्टिल्टच्या मागच्या बाजूची वॉचमनची खोली, मीटर रूम आणि सोसायटीचे ऑफिस यांच्या विटांच्या भिंती काढून सहा गाड्यांची जागा करणे हे पहिले. गच्चीच्या पूर्व कोपऱ्यात ४०,००० लिटरची आणखी एक टाकी बांधणे हे दुसरे. पार्किंगवरून होणारी भांडणे आणि उन्हाळ्यातले टँकर सगळ्यांच्या समोर आहेत, त्यामुळे या कामांची गरज मला मान्य आहे. पण या दोन्ही कामांनी आपली इमारत भूकंपात कशी हलेल हे बदलणार आहे, आणि तो हिशेब अजून कोणीही केलेला नाही. तो झाल्याशिवाय ठराव मतदानाला टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे काम आरसीसी डिझाइनचेच असल्याने जरा सविस्तर लिहिते.

मागच्या बैठकीत सांगितले गेले की त्या भिंती लोड-बेअरिंग नाहीत, नुसत्या पार्टिशनच्या आहेत, काढल्या तर काही बिघडत नाही. उभ्या वजनापुरते हे खरे आहे. स्लॅबचे वजन बीमवर, बीमचे कॉलमवर आणि कॉलमचे फुटिंगवर जाते. विटांची भिंत त्या वाटेत कुठेच नाही. भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. तेव्हा कॉलम वाकू पाहतात आणि दोन कॉलमच्या मधली भिंत त्यांना वाकू देत नाही. बिल्डरच्या हिशेबात तिचे फक्त वजन धरलेले असते, पण आडव्या धक्क्याला ती कॉलमपेक्षाही ताठ उभी राहते, निदान तडे जाईपर्यंत. त्यामुळे ‘भिंत भार घेत नाही’ या एका वाक्यावर हा निर्णय घेता येणार नाही.

इमारत कशी हलेल याचा अंदाज बांधण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक मजल्याचे वजन त्या स्लॅबच्या पातळीवर एकवटले आहे असे मानायचे आणि दोन स्लॅबमधल्या कॉलमचा व भिंतींचा ताठपणा, म्हणजे स्टिफनेस, काढायचा. या दोन गोष्टी कळल्या की गणितातून इमारतीच्या हलण्याच्या स्वतःच्या लकबी बाहेर येतात. त्यांना मोड म्हणतात. प्रत्येक मोडचा एक आकार असतो आणि एक पिरियड, म्हणजे एकदा इकडून तिकडे जाऊन परत येण्याचा वेळ. आपल्याकडे स्टिल्ट आणि सात मजले मिळून आठ स्लॅब आहेत. प्रत्येक स्लॅब लांबीकडे सरकू शकतो, रुंदीकडे सरकू शकतो आणि स्वतःभोवती फिरू शकतो, म्हणून मोड होतात २४. पहिल्यात सगळे मजले एकाच बाजूला झुकतात. पुढच्यांत काही मजले इकडे असताना काही तिकडे जातात, तर काही मोडमध्ये इमारत पिळली जाते. प्रत्येक मोड त्याच्या पिरियडला किती जोर ओढून घेईल हे भूकंपाच्या आलेखावरून, म्हणजे रिस्पॉन्स स्पेक्ट्रमवरून, वाचायचे. सगळ्या मोडचे कमाल धक्के एकाच क्षणी येत नाहीत, म्हणून ते सरळ बेरजेने न जोडता त्यासाठी ठरलेल्या सूत्राने जोडायचे. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ नुसार इतके मोड घ्यावे लागतात की इमारतीचे निदान ९० टक्के वस्तुमान हिशेबात यावे.

हे सगळे आपल्या इमारतीला लावून पाहू. उंची सुमारे २४ मीटर, रुंदी १६, लांबी २५. मानकातले सूत्र भिंती नसलेल्या नुसत्या सांगाड्याला ०.८ सेकंदाचा पिरियड देते. भिंतींनी भरलेल्या सांगाड्याला ते रुंदीच्या दिशेने ०.५४ आणि लांबीच्या दिशेने ०.४३ सेकंद देते. खाली कातळ धरला तर पिरियड जितका लहान तितका जोर जास्त; ०.५४ सेकंदाला येणारा जोर ०.८ सेकंदाच्या जोराच्या जवळजवळ दीडपट आहे. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, येते. त्या आकड्यांनी आणि साध्या प्रकारची फ्रेम धरून हिशेब केला, तर इमारतीच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के आडवा जोर येतो. आपले वजन तीन हजार टनांच्या पुढे आहे, म्हणजे दीडशे टनांहून अधिक जोर स्टिल्टच्या कॉलमना आडवा झेलावा लागेल. हे कागदावरचे ढोबळ आकडे आहेत. खरा पिरियड या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे, आणि भिंती काढल्यावर तो कुठे सरकेल, हे सूत्र सांगू शकत नाही, कारण वर सात मजले भिंतींनी भरलेले आणि खालचा मजला मोकळा अशी इमारत त्या सूत्रात बसतच नाही.

शेतातल्या मचाणावर माणूस हलला की वरचा माळा जसाच्या तसा राहतो आणि सगळी हालचाल खालच्या बांबूंत होते. स्टिल्टच्या इमारतीचा पहिला मोड असाच असतो. वरचे सात मजले एका ठोकळ्यासारखे सरकतात आणि सगळे वाकणे एका मजल्याच्या कॉलमवर येते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत ज्या आरसीसी इमारती बसल्या, त्यांत तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक होत्या. त्यानंतर मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट जोराला डिझाइन करण्याची तरतूद आली. आपली इमारत त्यानंतरची आहे. ती तरतूद आपल्या स्टिल्टमध्ये पाळली आहे का, हे फक्त मूळ आरसीसी नकाशे पाहूनच सांगता येईल.

त्याच २००२ च्या आवृत्तीत झोन ३ मधल्या आपल्या उंचीच्या इमारतीला असे मोड काढण्याची, म्हणजे डायनॅमिक अ‍ॅनालिसिसची सक्ती नव्हती. साधे स्थिर बळाचे सूत्र चालत होते. २०१६ च्या आवृत्तीने १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या, झोन २ मधल्या, नीट मांडणीच्या इमारती सोडल्या तर सगळ्यांना ते बंधनकारक केले. म्हणजे आपल्या इमारतीचे मोड बहुधा कोणी कधी काढलेच नाहीत, आणि आता आपण तिचे वजन आणि ताठपणा दोन्ही बदलायला निघालो आहोत.

स्थिर सूत्रावर विसंबल्याने काय होते, याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कोयना धरण डिझाइन करताना भूकंपाचा जोर वजनाच्या ५ टक्के, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मे त्वरण नोंदले. तडे गेले ते धरणाच्या वरच्या भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो तिथे. जुन्या पद्धतीच्या हिशेबात ती जागा धोक्याची दिसतच नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी डायनॅमिक अ‍ॅनालिसिस प्रसिद्ध केले आणि ताण नेमका त्याच पट्ट्यात मर्यादेबाहेर जातो हे दाखवले. कोयनेच्या त्या नोंदी आजही जगभरचे धरण अभियंते आपापल्या गणिताची परीक्षा घ्यायला वापरतात. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि तिथली जमीन अजूनही शांत झालेली नाही.

आता आपल्या भिंतींबद्दल जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. त्या काढणे वाईटच, असे मी म्हणत नाही. तिन्ही खोल्या मागच्या बाजूला आहेत, म्हणजे आज स्टिल्टचा ताठपणा मागे एकवटलेला आहे आणि वजन मध्यावर आहे. अशी इमारत धक्का बसला की पिळली जाते, आणि तेव्हा पुढच्या रांगेतले, रस्त्याकडचे कॉलम सगळ्यात जास्त ओढले जातात. भिंती काढल्या तर हा पीळ कमी होईल, पण स्टिल्ट आणखी लवचीक होईल. दोन्हींत नुकसान कोणते मोठे, हे मी जिन्यात उभी राहून सांगू शकत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरही सांगू शकत नाही. आहे तशी आणि भिंती काढलेली, असे दोन मॉडेल करून मोड काढले, की पिळाचा मोड किती पुढे-मागे झाला आणि कोणत्या कॉलमवर किती ताण वाढला, हे आकड्यांत दिसेल. कदाचित उत्तर असे येईल की भिंती जरूर काढा, पण पुढे-मागे समतोल राहील अशा दोन-चार जागी आरसीसीच्या भिंती किंवा स्टीलचे तिरपे आधार द्या. तसे झाले तर पार्किंगही मिळेल आणि आजच्यापेक्षा सुरक्षित इमारतही.

एका सभासदांनी मधला मार्ग सुचवला आहे : भिंती कमरेइतक्या ठेवून वरचा भाग काढावा, म्हणजे उजेड येईल आणि पावसाचे पाणीही अडेल. हे मात्र कृपया करू नये. अर्ध्या भिंतीत अडकलेल्या कॉलमला वाकायला वरचा तुकडाच उरतो. मोकळी उंची निम्मी झाली की कॉलमचा ताठपणा आठपट होतो आणि तो शेजारच्या कॉलमच्या वाट्याचा जोरही स्वतःकडे ओढतो. मग तो वाकण्याऐवजी तिरपा कातरला जातो, तोही काही इशारा न देता. जगभरच्या भूकंपांत शाळांच्या खिडक्यांखालच्या भिंतींनी असेच कॉलम तोडले आहेत. भिंत ठेवायचीच असेल तर कॉलमपासून फट सोडून ठेवावी.

टाकीची मला तितकी धास्ती नाही. ४० टन पाणी आणि वर टाकीचे स्वतःचे वजन धरूनही ते इमारतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे; पिरियड त्याने फारसा बदलणार नाही. अडचण जागेची आहे. पहिल्या मोडमध्ये सगळ्यात जास्त हालते ती गच्ची, आणि तिच्या एका कोपऱ्यात एवढे वजन ठेवले की पिळाला निमित्त मिळते. तीच टाकी लिफ्ट आणि जिन्याच्या मध्यभागाजवळ, बुटक्या आधारांवर, कॉलमच्या बरोबर वर घेतली तर बराच प्रश्न सुटेल. पाइप थोडा लांब जाईल, इतकेच.

स्ट्रक्चरल ऑडिट तर होणारच आहे, मग हा वेगळा खर्च कशाला, असा प्रश्न येईल. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचे असते आणि आपल्यालाही ते करायचेच आहे. पण त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि गंजाच्या चाचण्या होतात. काँक्रीट किती निरोगी आहे हे त्यांतून कळते. इमारत कशी हलेल हे कळत नाही. दोन्ही कामे एकाच सल्लागाराकडून घेतली तर ऑडिटमधली काँक्रीटची खरी ताकद मॉडेलमध्ये वापरता येईल.

मॉडेलची परीक्षाही घेता येते. रात्री गच्चीवर आणि मधल्या दोन-तीन मजल्यांवर संवेदनशील कंपमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर ठेवले की वाऱ्याने आणि रस्त्यावरच्या वाहतुकीने होणारे अगदी बारीक कंप नोंदले जातात, आणि त्यांतून इमारतीचा आजचा खरा पिरियड निघतो. कोणाला घराबाहेर पडावे लागत नाही, भिंतीला ओरखडाही जात नाही. एवढे लक्षात ठेवावे की बारीक कंपांत सगळ्या भिंती साथ देतात, त्यामुळे हा पिरियड मोठ्या धक्क्यातल्या पिरियडपेक्षा लहान येतो. शिवाय मोडल अ‍ॅनालिसिस तडे जाण्याआधीच्या इमारतीचे असते. तडे गेल्यानंतर ती किती तग धरेल हे कॉलममधल्या रिंगांवर, म्हणजे उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या आडव्या सळ्यांवर, ठरते. म्हणून स्टिल्टच्या काही कॉलममध्ये रिंगा किती अंतरावर आहेत, हे रीबार लोकेटरने तपासून घ्यावे.

माझी विनंती अशी आहे. दोन्ही ठराव या सभेत मंजुरीसाठी न मांडता, तपासणीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमण्याचा एकच ठराव मांडावा. तो इंजिनिअर भिंती पाडण्याचे किंवा टाकीचे काम घेणाऱ्याने सुचवलेला नसावा. मी स्वतः हे काम घेणार नाही, कारण मी सभासद आहे. पण आलेले प्रस्ताव समितीबरोबर बसून वाचायला आणि अहवाल सभेत मराठीत समजावून सांगायला मी तयार आहे. तोपर्यंत मीटर रूमच्या भिंतीला वायरिंगसाठी पाडायचे मोठे भोकही थांबवावे.

मूळ आरसीसी नकाशे सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात नसतील तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे प्रतींसाठी सचिवांच्या सहीने अर्ज करावा लागेल. अर्जाचा मसुदा या पत्रासोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ५०३

सोबत : नकाशांच्या प्रतींसाठी अर्जाचा मसुदा
प्रत : मा. सचिव, मा. खजिनदार