पुण्याला नाही चाललो, रागावू नका

प्रिय आई, बाबा,

हे धाकटीच्या फोनवर पाठवून राहिलो. तिने मोठ्यानं वाचायचं आणि मधलं काही गाळायचं नाही.

पुण्याच्या नोकरीला मी सोमवारी नाही म्हणून सांगून दिलं. काकाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पगार जास्त होता, मान्य. पण तिकडचं खोलीभाडं, मेस, येणंजाणं धरून हातात काय उरते ते मी तीनदा मांडून पाहिलं, आणि तुमचं काही दुखलंखुपलं तर पुण्याहून रात्रभर नागपूर, मग उमरेड, भिवापूर, नागभीड, म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. इथून नागपूरहून दुपारी निघालो तर दिवेलागणीला घरी. सोसायटीचा हप्ता आधीसारखाच येत राहील बाबा, त्याची काळजी नाही.

हे सगळं खरंच आहे, पण आईला माहीत आहे की कारण वेगळं आहे.

मेडिकलमधल्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, आमच्या पोरांनी मला पेशंटला मदत करणाऱ्या ग्रुपचं प्रमुख केलं. यात पैसा नाही, आधीच सांगतो. सकाळी ड्युटीच्या आधी आम्ही केसपेपरच्या लाईनीजवळ उभे राहतो. गडचिरोली, गोंदिया, पार छिंदवाडा-बालाघाटचे लोक येतात. पिशवी छातीशी धरून एखादा नुसता खिडक्यांकडे पाहत असला की समजते, पहिल्यांदा आला. त्याला ओपीडीत पोचवायचं, सुपर स्पेशालिटी दवाखान्यात पाठवलं असेल तर रस्ता दाखवायचा, फुकट उपचाराच्या जनआरोग्य योजनेचे कागद पाहायचे. लय जणांचं तिथंच अडते, रेशनकार्डावर एक नाव अन् आधारवर दुसरं. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्त देणारी पोरं गावाला, आणि सिकलसेलच्या, त्या रक्ताच्या आजाराच्या, लेकरांना रक्त तर लागतेच, ते काही सुट्टी पाहून लागत नाही. म्हणून मे मध्ये माझं येणं जमणार नाही. घ्या, हेही सांगून टाकलं.

2011 ला तुम्ही मला नागभीडला छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीत बसवून दिलं होतं. बाबा खिडकीला धरून चालत आले होते, एवढी हळू निघायची ती. 2019 मध्ये तीही बंद झाली, मोठे रूळ टाकायला. इतवारीला उतरलो तेव्हा खांद्यावर तांदळाची थैली अन् हॉस्टेल कुठं आहे हे कोणाला विचारायचीही लाज. पहिल्या वर्षी रिझल्ट लागलाच नाही असं मी म्हणालो होतो ना? लागला होता. दोन विषय राहिले होते. स्कॉलरशिप आली नव्हती, मेसवाल्यानं ताट बंद केलं होतं, रात्री कॉटन मार्केटला गोण्या उतरवायचो आणि सकाळी वर्गात झोपायचो. आपल्याच बांधीतल्या तांदळाचा भात अन् लाखोळीचं वरण, त्यावर ते वर्ष काढलं. आई, रडू नको, झालं ते. आता दोन्ही वेळ पोळी-भाजी जेवतो, कूलरला नवीन खस लावली, रविवारी तर्री-पोहे. वजन वाढलं उलट.

बाबांना टेम्पोत घालून नेलं त्या रात्रीचं मी लिहीत नाही. तो दवाखाना दुसरा होता. पण तिथं आपल्याला खिडकी दाखवायला कोणी नव्हतं, आणि बाबा तुम्ही तेव्हा उलट मलाच म्हणाले होते, तू जेवला का.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, रोज म्हणजे रोज. रेशनकार्डावरचं तुमचं नाव या महिन्यात दुरुस्त करून घ्या. धाकटीचं कुठं जमवायच्या आधी तिची आणि मुलाची, दोघांची सिकलसेल टेस्ट. पाहुणे रागावले तर रागावू द्या. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण आजार पुढं देऊ शकतात असे, तर प्रत्येक वेळी बाळाला तो आजार व्हायचा चारात एक धोका असते, मी वॉर्डात रोज पाहून राहिलो.

आणि आई, मोहफुलं. पहाटे एकटीनं जायचं नाही. वाघ या बाजूला फिरून राहिला असं तूच सांगितलंस अन् वर म्हणतेस की शेजारीण जाते म्हणून मी जाते. ऊन वर आल्यावर, चार-पाच जणींनी मिळून, बोलत बोलत, आणि वाकायच्या आधी आजूबाजूला पाहून घ्यायचं. मी ओरडत नाही आहे गं. ओरडून राहिलो थोडा.

तांदूळ पाठवू नका यावेळी. बरं, पाठवा, पण पायलीभरच, मागच्या वेळचे अजून आहेत. आणि आई, मोहफुलं वेचून घरी आलीस की मिसकॉल दे, कितीही वाजले तरी.

तुमचा,
बाळ्या