'डी' ड्राइव्ह परत आला, ताई

प्रिय ताई,

त्या रात्री फोन ठेवताना मी नुसतं 'थँक यू' म्हणाले. घसा दाटून आला होता, पुढे काही बोलताच येईना. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही मला जे सांगितलंत ते अशाच पेचात सापडलेल्या आणखी कुणाच्या हाती वेळेवर पडावं, असं फार वाटतं.

फोनवर मी सगळं उलटसुलट सांगितलं होतं, आता नीट सांगते. विंडोजच्या जोडीला उबंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून मी 'डी' १०० जीबीने लहान केला. तिथे आकडा एमबीत द्यावा लागतो, म्हणून १,०२,४०० टाकले. उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये त्या जागेत आधी ८ जीबीचं स्वॅप (मेमरी कमी पडली तर उबंटू वापरतं तो भाग) केलं आणि उरलेल्या ९२ जीबीत ईएक्सटी४ (उबंटूच्या फायलींचा भाग). फायली कॉपी झाल्या आणि अगदी शेवटी, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बसवताना, एरर येऊन सगळं थांबलं. विंडोज सुरू होत होतं, पण ते १०० जीबी कुणाच्याच कामाचे राहिले नव्हते.

ती जागा परत घ्यायची म्हणून मी मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो ९२ जीबीचा भाग, डिलीट केलं. तरी 'डी'वर राइट क्लिक केलं की 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच दिसायचं. मग डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजचं कमांड टाइप करून चालवायचं साधन, उघडलं. उबंटूमध्ये पाहून स्वॅपचा क्रमांक कागदावर लिहून ठेवला होता. तोच क्रमांक विंडोजमध्येही असणार असं धरून चालले, आकार न बघता सिलेक्ट केलं आणि डिलीट केलं. गेला तो 'डी'. त्यात माझी सात वर्षांची शिकवण्याची टिपणं होती, प्रश्नसंच होते, मुलांच्या प्रकल्पांचे फोटो होते. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती.

तुम्हाला फोन लावला तेव्हा माझ्यासमोर नवा व्हॉल्यूम करायची खिडकी उघडी होती आणि 'क्विक फॉरमॅट'वर आधीच टिक होती. मला वाटलं होतं, ड्राइव्ह तयार करून घ्यावा, मग एखाद्या सॉफ्टवेअरने फायली शोधाव्यात. तुमचं पहिलं वाक्य मला अजून ऐकू येतं: "कॅन्सल कर. त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस."

ताई, त्या एका वाक्याने सगळं वाचवलं. पार्टिशन डिलीट होतं म्हणजे टेबलातली, डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीतली, नोंद जाते. इथून इथवर एक पार्टिशन आहे, एवढंच सांगणारी ती ओळ. फायली जिथल्या तिथे असतात. पण एसएसडीवर (चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर) फॉरमॅट केलं की विंडोज ट्रिम पाठवतं, ही सगळी जागा आता मोकळी समज असं डिस्कलाच कळवतं. त्यानंतर डिस्क आतून ते ब्लॉक पुसून टाकू शकते आणि मग कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. हे तुम्ही मला एवढ्या शांतपणे समजावलंत की माझा श्वास जागेवर आला. डिस्कमध्ये पार्टिशनांच्या या टेबलाची (त्याला जीपीटी म्हणतात) दुसरी प्रत शेवटी असते हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यावर आशा लावून बसले होते. नीट डिलीट केलं की दोन्ही प्रती बदलतात, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि आशा मोडताना लगेच दुसरा रस्ता दाखवलात.

उबंटूच्या त्याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायला लावलात, इन्स्टॉल न करता, नुसता 'ट्राय' म्हणून. मग टेस्टडिस्क. हरवलेली पार्टिशनं शोधणारं, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्यांचेही मी मनापासून आभार मानते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पाहून मी बिचकले होते. तुम्ही म्हणालात, "घाई नाही. एकेक ओळ मला वाचून दाखव."

क्विक सर्चमध्ये 'डी' दोनदा सापडला, एकदा २६५ जीबीचा आणि एकदा १६५ जीबीचा! एकटी असते तर मोठा तो चांगला म्हणून २६५ वालाच घेतला असता. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली मांडून ठेवायची पद्धत, आपल्या बूट सेक्टरची (व्हॉल्यूमचा आकार वगैरे लिहिलेल्या पहिल्या तुकड्याची) एक प्रत व्हॉल्यूमच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते. 'डी' लहान करण्याआधीची ती जुनी प्रत तशीच पडून राहिली असणार आणि टेस्टडिस्कला तिचा माग लागला असणार, हा तुमचा अंदाज. १६५ वर ठेवून 'पी' दाबलं, तेव्हा माझे फोल्डर एकाखाली एक दिसू लागले. 'इयत्ता नववी' हे नाव दिसलं आणि मला रडू फुटलं. तुम्ही पलीकडे गप्प राहिलात, काही म्हणाला नाहीत. त्यासाठी वेगळे आभार.

आणि तरीही तुम्ही लगेच 'राइट' करू, म्हणजे टेबल डिस्कवर लिहू, दिलं नाहीत. आधी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावल्यात. रात्रीचे तीन वाजले. मग यादीतली बाकीची पार्टिशनं आहेत ना ते मोजून घेतलंत: ईएफआय (लॅपटॉप सुरू होताना लागणारं), सी, रिकव्हरी आणि ते स्वॅपही. टेस्टडिस्क सगळं टेबल नव्याने लिहितं, यादीत जे नसेल ते उडतं, म्हणून. त्यानंतरच एंटर.

विंडोज सुरू झालं आणि 'डी' जागेवर होता. 'एक्स्टेंड' फिकट का होतं तेही तेव्हा उलगडलं. विंडोजला लगतच्या उजव्या बाजूची मोकळी जागाच घेता येते, आणि 'डी' व ९२ जीबीच्या मध्ये ते ८ जीबीचं स्वॅप बसलेलं होतं. आकार बघून, तुम्हाला वाचून दाखवून, ते काढलं. पर्याय ठळक झाला आणि १०० जीबी 'डी'मध्ये परत गेले. बूट मेनूतली उरलेली उबंटूची नोंद दुसऱ्या दिवशी काढली, ते फार अवघड नव्हतं.

एक गोष्ट त्या गडबडीत विचारायची राहून गेली होती आणि तुम्ही नंतर मेसेजवर समजावलीत. डिस्क ५०० जीबीची, मग विंडोज ४६५च का दाखवतं? त्यातलं काहीच हरवलेलं नाही. बनवणारे ५०० अब्ज बाइट मोजतात, विंडोज तेच बाइट १०२४ने तीनदा भागून दाखवतं. मी ते ३५ जीबीही शोधत बसले असते.

ताई, लॅपटॉप इकडे पाठव, मी करून देते, असं तुम्ही सहज म्हणू शकला असतात. तुमचं काम अर्ध्या वेळात झालं असतं. त्याऐवजी चार तास फोनवर राहून प्रत्येक कळ मला दाबू दिलीत, आणि दाबण्याआधी तिने काय होणार ते माझ्याकडून वदवून घेतलंत. मी रोज वर्गात शिकवते, त्यामुळे हे किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

टिपणांच्या आता दोन प्रती आहेत, दुसरी कपाटात. उबंटू मला अजून हवंच आहे. या रविवारी वेगळ्या एसएसडीवर बसवणार आहे. 'इन्स्टॉल' दाबण्याआधी पार्टिशनांची यादी तुम्हाला फोनवर वाचून दाखवेन. चालेल ना?

तुमची,
'डी' ड्राइव्हवाली बाई