‘याकोबी’ उलगडून दिल्याबद्दल

आदरणीय फादर,

सादर प्रणाम.

माझ्या सासूबाईंच्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद वसईत बसून आपण वाचून दिलीत, त्याबद्दलची कृतज्ञता मला सर्वांसमक्ष व्यक्त करायची आहे.

सासूबाई आयर्लंडमधील क्लेअर काउंटीच्या. पणजीचे नाव ब्रिजेट, तिच्या वडिलांचे जेम्स आणि तिचा जन्म बटाट्याच्या महादुष्काळाच्या आगेमागे झालेला, एवढेच घरात ठाऊक होते. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागारासोबत नष्ट झाले. कॅथलिक धर्मग्रामांच्या (म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या, पॅरिशच्या) नोंदवह्या मात्र त्या त्या धर्मग्रामातच राहिल्यामुळे वाचल्या, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांची छायाचित्रे विनामूल्य खुली केली, म्हणून तर माझ्यासारखीला ती पाने पाहता आली.

ती पाने लॅटिनमध्ये होती. ‘जेम्स’ शोधत मी कितीतरी पाने चाळली आणि हवी असलेली ओळ दोनदा ओलांडून पुढे गेले. ‘ब्रिजिदाम’ ही द्वितीया आहे, ‘याकोबी’ ही षष्ठी आहे, म्हणजे ‘याकोबुसची मुलगी ब्रिजिदा हिला बाप्तिस्मा दिला’ असे ते वाक्य आहे, हे आपण शाळेत विभक्ती शिकवावी तितक्या शांतपणे समजावलेत. पुढे आपण म्हणालात, “आपल्या मराठी शुभवर्तमानातला याकोब, त्यालाच इंग्रजीत जेम्स म्हणतात.” हे ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ब्रिजेटच्या आईचे माहेरचे आडनावही त्याच ओळीत होते, आणि धर्ममातेचे (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्या स्त्रीचे) आडनाव तेच असल्याने ती बहुधा मावशी असावी, हेही आपणच दाखवलेत. घरातल्या कोणालाही हे आडनाव आजवर माहीत नव्हते.

एका परक्या कुटुंबासाठी, या वयात, भिंगातून पुसट अक्षरे वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, त्याचे मोल मी जाणते.

विवाह सहसा वधूच्या धर्मग्रामात होत असत, म्हणून आता शेजारच्या धर्मग्रामाची विवाहनोंदवही आम्ही पाहत आहोत. तिथे त्याच आडनावाची एक ओळ सापडली आहे, सोबत पाठवते. घाई मुळीच नाही. प्रकृतीला बरे वाटेल तेव्हाच पाहावी.

आपली कृतज्ञ,
क्लेअरच्या घरची मराठी सून