‘जरा बरं नाही’ म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश आणि अमेरिकन माणसांवरचा लेख काल दुपारी वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र लिहायचं करते आहे. लेखकांना मी ओळखत नाही. त्यांनी दोन्ही देश पाहिले असतील, भाषाही छान आहे. पण ‘ब्रिटिश माणूस आतल्या गाठीचा, अमेरिकन माणूस उथळ आणि मोठ्या आवाजाचा’ हे वाक्य त्यांनी ज्या खात्रीनं लिहिलं आहे, ते वाचून मला राग आला. त्यातलं अर्धं वाक्य एकदा माझ्या नावापुढे लिहिलं गेलं आहे. आणि मी तर मिरजेची.

मी नर्स होते. मिरजेत शिकले, ११ वर्षं इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या प्रेस्टनला वॉर्डात काम केलं, मग परीक्षा देऊन अमेरिकेत गेले आणि ओहायोत ९ वर्षं काढली. जाताना सगळ्यांनी सांगितलं, इंग्रजी तर येतंच, तुला काय अडचण? पहिल्या महिन्यात औषधांची नावं नव्यानं पाठ केली. पॅरासिटामॉलचं ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनचं एपिनेफ्रिन. मिरजेत आपण पेशंटला अजूनही ‘कॅज्युअल्टीत’ नेतो. अमेरिकेत कॅज्युअल्टी म्हणजे जखमी झालेला किंवा मेलेला माणूस. इंग्लंडमध्ये ‘डॉक्टरांची सर्जरी ९ वाजता उघडते’ म्हणजे दवाखाना उघडतो. अमेरिकन माणूस ऑपरेशन समजेल. पण या शब्दांनी मला कधी गोत्यात आणलं नाही. नवा शब्द आला की माणूस थांबतो आणि विचारतो. मला गोत्यात आणलं ते दोन्हीकडच्या ओळखीच्या, साध्या शब्दांनी.

ओहायोतली, हिवाळ्यातली नाईट ड्यूटी होती. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस झालेले एक आजोबा. रात्री दोनला पाहिलं तर हात गार, लघवी कमी, नाडी ११८, प्रेशर ९६ वर ६०. आकडे फार भयंकर नव्हते, पण माणसाचा चेहरा मला आवडला नाही. २ वाजून १० मिनिटांनी मी ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला. आकडे सांगितले आणि म्हणाले, “मला जरा काळजी वाटते आहे. ते ‘क्वाइट पुअर्ली’ दिसताहेत. तुम्ही एकदा बघून गेलात तर मला बरं वाटेल.”

प्रेस्टनच्या वॉर्डात हे बोलणं ऐकून डॉक्टर जिन्यावरून धावत आले असते. तिथे ‘पुअर्ली’ म्हणजे चांगलाच आजारी. ‘व्हेरी पुअर्ली’ म्हटलं की नातेवाइकांना घरून बोलावून घ्यायचं. ‘बघून गेलात तर बरं वाटेल’ याचा अर्थ ‘आत्ता या’. ११ वर्षांत या वाक्यानं मला कधी दगा दिला नव्हता. ओहायोतल्या त्या तरुण डॉक्टरनं ऐकलं ते असं: पेशंट थोडा मलूल आहे, नर्सला जरा धीर हवा आहे, हातातलं काम संपवून जावं. तो ३ वाजून २५ मिनिटांनी आला. तोवर प्रेशर ७० वर आलं होतं आणि मी दुसऱ्यांदा, यावेळी ओरडून, फोन केला होता. आत रक्तस्राव होत होता. आजोबांना पुन्हा टेबलावर घेतलं. ९ दिवस आयसीयूत राहून ते वाचले. वाचले म्हणून मी आज हे लिहू शकते. त्या पंचाहत्तर मिनिटांत मी पहिला फोन करून गप्प का राहिले, हे मी स्वतःला अजून विचारते.

पुढे चौकशीची बैठक झाली. एका वरिष्ठ बाईंनी मान हलवून म्हटलं, “ब्रिटिश पद्धतीत वाढलेल्या नर्सेस असंच बोलतात, मनातलं बाहेर काढत नाहीत.” माझ्या वार्षिक नोंदीत ‘स्पष्ट बोलत नाही’ असा शेरा आला. प्रेस्टनच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अमेरिकनच ते, कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना काही ऐकू येतं का?” दोन्हीकडे लगेच स्वभाव निघाला. त्या वाक्याचा दोन गावांत काय अर्थ होतो, हे ना इकडे कुणी विचारलं ना तिकडे. तो डॉक्टर उथळ नव्हता हो. पहाटे आजोबांच्या बायकोचा हात धरून तो अर्धा तास बसला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या लेखात चर्चिल यांच्या आठवणींतला ‘टेबल’ या शब्दाचा किस्सा करमणूक म्हणून आला आहे. ब्रिटिशांना कागद ‘टेबल’ करायचा होता म्हणजे तातडीनं चर्चेला घ्यायचा होता, अमेरिकनांना वाटलं लांबणीवर टाकायचा आहे, आणि मुद्द्यावर एकमत असूनही दोन्ही बाजू भांडत बसल्या. ठीक आहे, तिथे फक्त वेळ गेला. पण एप्रिल १९५१ मधली कोरियातली इमजिन नदीची लढाई लेखात का नाही? ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी आपले वरिष्ठ असलेले अमेरिकन जनरल रॉबर्ट सूल यांना परिस्थिती सांगताना ‘अ बिट स्टिकी’ असे शब्द वापरले. म्हणजे, जरा बिकट आहे. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ ‘आम्ही संकटात आहोत’. अमेरिकन कानाला, ‘त्रास आहे, पण निभावतंय’. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन टेकडीवर वेढली गेली; मोजके लोक निसटले, ५०० हून अधिक कैद झाले. त्या दोन शब्दांमुळेच सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, नंतर त्यांना सोडवायचे प्रयत्न झाले आणि चिनी फौजाही संख्येनं प्रचंड होत्या. पण ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो फोन आणि ते २ वाजून १० मिनिटं आठवली, आणि हातातलं पुस्तक मिटावं लागलं.

त्याच युद्धात आपली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे भारतीय लष्कराची वैद्यकीय तुकडी, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ब्रिटिश राष्ट्रकुल ब्रिगेडच्या जखमींवर उपचार करत होती आणि मार्च १९५१ मध्ये तिची एक तुकडी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सान-नी इथे विमानातून उतरली होती. भारतीय डॉक्टर आणि ऑर्डर्ली दोन्हीकडची इंग्रजी ऐकत जखमा बांधत होते. मराठी वर्तमानपत्रात हा विषय घ्यायचा तर अशा माणसांबद्दल दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

शिवाय असलेलं दुखणं कमी करून सांगणं ही काय ब्रिटिशांची मक्तेदारी आहे? मिरजेच्या वॉर्डात कवठ्याहून, अथणीहून येणारे म्हातारे आठवा. छातीत कळ येऊन घामानं शर्ट भिजलेला असतो आणि विचारलं तर म्हणतात, “काय न्हाई, जरा कसंतरीच हुतंय.” आम्हाला पहिल्या वर्षीच मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं की म्हातारं ‘जरा’ म्हणालं की आधी ईसीजी लावायचा, मग बाकीचं. त्या म्हाताऱ्याला आतल्या गाठीचा कुणी म्हटलं नाही. त्याच्या ‘जरा’चं वजन आम्हाला माहीत होतं, इतकंच.

१९४२ साली अमेरिकेच्या युद्धखात्यानं इंग्लंडला जाणाऱ्या सैनिकांसाठी एक छोटी पुस्तिका काढली होती. ब्रिटिश माणूस गप्प दिसला तर तो तुसडा आहे असं समजू नका, लहानशा बेटावर साडेचार कोटी लोक दाटीनं राहतात, म्हणून प्रत्येक जण आपला एकांत जपतो आणि दुसऱ्याचाही मोडत नाही, असं कारण तिच्यात दिलं होतं. युद्धाच्या धामधुमीत सरकारी खात्याला कारण द्यावंसं वाटलं. आपल्या लेखकांना पानभर जागा होती.

आणि थंड ब्रिटिशांबद्दल म्हणाल तर प्रेस्टनला लागूनच बॅम्बर ब्रिज नावाचं गाव आहे. १९४३ मध्ये अमेरिकन लष्करानं तिथेही काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायचा आग्रह धरला, तेव्हा गावातल्या पबवाल्यांनी उलट दारावर ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्या. त्याच जूनमध्ये तिथे अमेरिकन सैनिकांतच गोळीबार झाला आणि एक काळा सैनिक मारला गेला. माझ्या वॉर्डातल्या एका आजींनी मला हे सांगितलं होतं, मी त्यांची ड्रेसिंग करत असताना. मला त्या ‘लव्ह’ म्हणायच्या. तिथे सगळेच म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा.

लेखात एक चूक आहे, ती कृपया दुरुस्त करावी. ‘एकाच भाषेनं वेगळे केलेले दोन देश’ हे वाक्य बर्नार्ड शॉ यांच्या नावावर दिलं आहे. शॉ यांच्या लिखाणात ते सापडत नाही. भाषा सोडून बाकी सगळं ब्रिटिशांचं आणि अमेरिकेचं सारखंच आहे, अशा अर्थाचं वाक्य ऑस्कर वाइल्ड यांच्या १८८७ सालच्या एका कथेत आहे.

आणि संपादक महाशय, लिहायला बसलेच आहे तर एक जुनी तक्रारही सांगते. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम आपण छापता, पण तारखा तिकडून आल्या तशाच, महिना आधी धरून. गेल्या वर्षी माझ्या भावानं ९/६ ही तारीख ९ जून समजून न्यूजर्सीतल्या मुलाला भल्या पहाटे फोन केला. कार्यक्रम ६ सप्टेंबरला होता. महिना अक्षरांत छापायला अशी किती जागा लागते?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव छापू नये ही विनंती.)