मनू, दोन वाजता कोड लिहू नकोस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पुणे स्टेशनवर उद्यान एक्सप्रेस हलली तरी तू माझ्याशी धड बोलली नव्हतीस. आदल्या रात्री दोन वाजता तू कोड लिहीत होतीस, मी मागून "ब्रेक राहिलाय" म्हटलं आणि तू म्हणालीस, "आई, कंपायलर सांगेल."

कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा तो कंपायलर नेहमी नाही सांगत गं. सी भाषेत ब्रेक, म्हणजे 'इथून बाहेर पड' ही आज्ञा, नसणं ही चूकच नाही. स्विच म्हणजे पर्यायांची यादी, एकेक पर्याय ही केस. स्विच जुळलेल्या केसवर उडी मारतो आणि तिथून ब्रेक मिळेपर्यंत खालच्या केसेसही चालवत जातो, त्या जुळतात का हे बघत नाही. जीसीसी कंपायलरच्या ७व्या आवृत्तीपासून त्याचा इशारा मिळतो, पण तो मागावा लागतो. तुमच्याकडे सुरू आहे का, विचार. आणि असल्या गोष्टी रात्री दोनला डोळ्यांना दिसत नाहीत.

ब्रेक असूनही घात होतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं फोनचं जाळं सुमारे ९ तास कोलमडलं होतं. कारण कोडमधला एक ब्रेक: स्विचच्या आत इफ, म्हणजे 'जर-तर'ची अट, आणि त्यात ब्रेक. तो इफमधून नाही, थेट स्विचमधूनच बाहेर काढतो. ११४ एक्सचेंजांमध्ये तोच कोड होता. लिहिणारी माणसं काही कच्ची नव्हती.

डिफॉल्टही, म्हणजे कुठलीच केस जुळली नाही तर चालणारा भाग, रिकामा ठेवू नकोस. अनोळखी स्थिती आली तर निदान गजर वाजू दे. बघ, पुन्हा मास्तरीण झाले. माफ कर. भोसरीला मीटरचा कोड लिहिताना लागलेली सवय आहे.

पण तुझा कोड मीटरमध्ये जाणार नाही, सलाईनच्या पंपात जाणार आहे. नानांच्या खाटेशेजारी तसाच पंप होता. तू कॉलेजातून थेट यायचीस, त्यावरचे आकडे वहीत उतरवायचीस, नर्सला प्रश्न विचारून भंडावायचीस. काकू अजून ते सगळ्यांना सांगते. तुला हीच नोकरी हवी होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझं ऑफर लेटर मी देवापुढे ठेवलंय, बाबा हसले तरी.

झोपेचं पुन्हा लिहिणार नव्हते. पण काम राहिलं तर राहू दे, सकाळी उठून कर. डब्यातली चटणी आधी संपव, लाडू टिकतील. शनिवारी फोन कर, अकराच्या आत.

तुझी,
आई