खिलारचा क्लोन काढायचा, तर गाभडणाऱ्या गाईंचाही हिशोब धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बैलगाडा शर्यतींचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मोकळा केला. तेव्हापासून आटपाडी, खरसुंडी, पुसेगावच्या बाजारांत नामांकित खिलार बैलांची किंमत लाखांत बोलली जाते आणि ‘या बैलाचा क्लोन निघेल का?’ हेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. बैल खच्ची केलेला असेल तर त्याचे वीर्य मिळत नाही, पण त्याच्या कातडीच्या पेशीपासून जन्मलेला क्लोन, म्हणजे त्याची जनुकीय प्रत, वळू म्हणून वापरता येतो. युरोपात शर्यतीच्या घोड्यांत असे केलेही गेले आहे. मात्र यात बैलाला कानाच्या एका बारीक तुकड्यापलीकडे काही द्यावे लागत नाही. सगळे सोसते ती गर्भ वाढवणारी गाय, आणि तिचा विषय चर्चेत येतच नाही.

प्रक्रिया अशी. कानाच्या किंवा शेपटीच्या कातडीचा काही मिलिमीटरचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात. दुसरीकडे जिवंत गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या आधारे सुईने अंडी ओढून घेतात आणि सुमारे २४ तास उबवून पक्व करतात. हे अंडे जेमतेम ०.१२ मिलिमीटरचे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले केंद्रक काढून टाकायचे, तिथे बैलाची पेशी बसवायची आणि विजेच्या क्षणिक झटक्याने दोन्ही एकजीव करायचे. शुक्राणू आलेला नसल्याने अंड्याला वाढ सुरू करण्याचा इशारा मिळत नाही, तो रसायनाने द्यावा लागतो. गर्भ सात-आठ दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढला की गाईच्या गर्भाशयात सोडतात. ती गाय सात दिवसांपूर्वी माजावर येऊन गेलेली हवी. एखाद-दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त फरक पडला तर गर्भाशय आणि गर्भ यांचा मेळ बसत नाही आणि गाय उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने यात मोठे काम केले आहे. महागडी यंत्रे टाळून हाताने बारीक पात्याने अंडे कापण्याची पद्धत त्यांनी म्हशींसाठी बसवली. तिच्यातून ६ फेब्रुवारी २००९ रोजी पहिली रेडी जन्मली, पण ती काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी जन्मलेली गरिमा दोन वर्षे जगली. २०१० मधली गरिमा-२ मात्र वाढली आणि २०१३ मध्ये व्यालीही. १६ मार्च २०२३ रोजी गीर जातीची क्लोन कालवड गंगा जन्मली, वजन ३२ किलो. तिच्यासाठी पेशी गीरची, अंडे साहिवालचे आणि पोट संकरित गाईचे होते. ही कामगिरी अभिमानाचीच आहे, पण प्रत्येक नावामागे न टिकलेले किती गर्भ होते हेही वाचकांना कळायला हवे. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेल्या पहिल्या मेंढीच्या, डॉलीच्या वेळी २७७ अंडी जुळवली होती. त्यातून २९ गर्भ मिळाले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि कोकरू जन्मले एक.

इतके वाया का जाते? कातडीच्या पेशीने कातडी होण्यासाठी लागणारी जनुके तेवढी चालू ठेवलेली असतात, बाकीची रासायनिक खुणांनी बंद केलेली असतात. अंड्यात गेल्यावर या खुणा काही तासांत पुसून नव्याने लिहाव्या लागतात आणि ते काम बहुधा अर्धवट राहते. पहिला फटका वारेला, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाला बसतो. वारेच्या गाठी कमी आणि बेढब होतात, गर्भाला नीट पोषण मिळत नाही आणि गाय पहिल्या तीन महिन्यांत गाभडते. त्यातून निभावलीच, तर शेवटच्या महिन्यांत वारेच्या पिशवीत पाणी भरण्याचा धोका असतो. पोट दोन्ही कुशींनी फुगते, गाईला उठवत नाही, चारा सुटतो, धाप लागते. अशी गाय वाचवणे अवघड असते. काही वासरे पोटातच अवाजवी मोठी होतात, गाय अडते आणि सिझेरियन करावे लागते. नाळ जाड, फुप्फुसे कच्ची अशी वासरे पहिल्याच दिवसांत दगावतात. लहान चणीच्या गाईत क्लोनचा गर्भ सोडणे म्हणूनच सरळसरळ क्रौर्य आहे, आमचे यावर दुमत नाही.

आणि इतके करून ‘तोच बैल’ मिळत नाही. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली ३७ जनुके जवळपास पूर्णपणे अंडे देणाऱ्या गाईकडून येतात. जर्सी संकराचे अंडे वापरले तर तेवढा भाग खिलारचा राहत नाही. टेक्सासमध्ये २००१ च्या अखेरीस जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीचा रंग मूळ मांजरीसारखा नव्हता. बैलाच्या धावण्यात तर लहानपणीचे दूध, सराव, जोडीदार आणि हाकणाऱ्याचा हातही असतो.

दूध-मांसाच्या भीतीबद्दल मात्र फार चिंता नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये क्लोन गाई, डुकरे व शेळ्यांचे पदार्थ सुरक्षित ठरवले. युरोपीय संसदेने २०१५ मध्ये बंदीच्या बाजूने मत दिले, त्यात प्राण्यांच्या हालअपेष्टांचा मुद्दा ठळक होता.

आम्हाला जास्त काळजी वंशावळीची वाटते. पैदाशीच्या दृष्टीने क्लोन आणि मूळ बैल एकच. मूळ बैलाच्या मुलीला क्लोनचे वीर्य भरले तर तो बाप-लेकीचा संकर होतो, मग दोघांचे मालक आणि तालुके वेगळे का असेनात. माणदेशातल्या खिलारला हे परवडणारे नाही.

पशुपालकांनी आज करण्यासारखे बरेच आहे. चांगल्या खोंडाला खच्ची करण्याआधी त्याचे वीर्य गोठवण्याची चौकशी करा. एका वेळच्या वीर्यातून पाव मिलिलिटरच्या शंभराहून अधिक कांड्या भरता येतात आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. आधीच खच्ची झालेल्या बैलाच्या कानाची कातडी पशुवैद्यकाकडून काढून घेऊन जतन करता येते. बैल अचानक मेला तर तुकडा बर्फात गोठवू नका, डीप फ्रीजमध्ये तर नकोच. संरक्षक द्रावणाशिवाय गोठवले की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. फ्रीजच्या साध्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा.

शासनाकडे मागणी एवढीच, की खासगी क्लोनिंगला वाव देण्याआधी वापरलेल्या, गाभडलेल्या आणि दगावलेल्या प्रत्येक गाईची नोंद सक्तीची करावी. क्लोन वासराच्या बारा अंकी कानबिल्ल्याच्या नोंदीत मूळ जनावराचा क्रमांकही असावा, म्हणजे कांडी भरणाऱ्याला गोठ्यातच नाते तपासता येईल.

आपले,
दोन पशुवैद्यक, आटपाडी (जि. सांगली)