घरचं प्रमाण पंचविसाने गुणू नकोस

अमळनेर

प्रिय सुभाष,

बरं शे ना? तुझं पत्र मिळालं. धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर रोज संध्याकाळी पेशंटच्या नातेवाइकांना जेवण द्यायचं तुम्ही मंडळींनी ठरवलंय, शंभर माणसं धरली आहेत आणि आचारी न लावता स्वतःच रांधणार आहात. छान. पण पत्रात तू एक वाक्य लिहिलंयस, 'वहिनी चार जणांची करतात त्याच हिशेबाने पंचवीसपट', ते वाचलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो. पंचवीसपट चालते ती फक्त डाळ-तांदळाला. पाणी, मीठ, तिखट, तेल आणि वेळ यांना तो गुणाकार लागू नाही. पहिल्या दिवशी खिचडीची पेज होते ती याच चुकीमुळे.

आधी काय करायचं ते ठरवू. वरण-बट्टी डोक्यातून काढून टाक. भंडाऱ्याला ती शोभते, पण तळायच्या बट्टीला तेल फार लागतं आणि गोवऱ्यांवर भाजायची तर जागा आणि माणसं दुप्पट लागतात. शेवभाजी तर नकोच. सगळा पैसा शेवेत जातो आणि पोट तासाभरात रिकामं. एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, होणारं, ताटात सांडत नाही, उभ्याने खाता येतं आणि म्हाताऱ्यालाही चावता येतं असं एकच जेवण आहे, ते म्हणजे आपली तुरीच्या डाळीची खिचडी. आठवड्यातले चार दिवस तीच ठेव. लोक कंटाळतील ही भीती सोड, तिथली माणसं रोज बदलतात.

आता शंभर मोठ्या माणसांसाठी प्रमाण लिहितो. तांदूळ 9 किलो, तूरडाळ 3 किलो, शेंगदाणे 1 किलो, कांदे 3 किलो, लसूण 400 ग्रॅम, तेल 1 लिटर, हळद 60 ग्रॅम, तिखट 120 ग्रॅम, काळा मसाला 100 ग्रॅम, मोहरी-जिरं मिळून 100 ग्रॅम, हिंग 10 ग्रॅम, मीठ 400 ग्रॅम. पाणी 33 लिटर, शिवाय शेजारच्या भट्टीवर 5 लिटर उकळतं हाताशी. यातून साधारण 43 किलो खिचडी उतरते, म्हणजे माणशी सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. गंज 65-70 लिटरचा हवा, कारण पाऊण भागाच्या वर भरला की ढवळता येत नाही आणि उतू जातं ते भट्टीवर. सव्वाशेच्या वर माणसं गेली तर मोठा गंज आणू नकोस, असाच दुसरा आण. मोठ्या गंजात खाली करपतं तेव्हा मध्ये डाळ अर्धकच्ची राहते, आणि तो उतरवायला चार माणसं लागतात. दोन असले की एक बिघडला तरी निम्मी पंगत वाचते.

पाणी का कमी लागतं ते सांगतो. वाफ जाते ती भांड्याच्या तोंडातून. माल पंचवीसपट झाला तरी तोंड काही पंचवीसपट होत नाही, त्यामुळे दर किलोमागे उडून जाणारं पाणी खूप घटतं. घरी वाटीला तीन-साडेतीन वाट्या पाणी घालता ना, असं वहिनींना विचार, त्या हो म्हणतील. इथे डाळ-तांदळाच्या किलोला पावणेतीन लिटर पुरे. दुसरं म्हणजे एवढा माल आच बंद केल्यावरही तासभर आतल्या आत शिजत राहतो. म्हणून खिचडी भट्टीवर असताना सैलच दिसली पाहिजे, उलथण्यावरून सरकन पडेल इतकी. गंजात घट्ट दिसली तर पंगतीपर्यंत तिच्या वड्या पडतील.

क्रम असा ठेव. डाळ तासभर भिजव. तांदूळ तीन पाण्याने धुऊन निथळून ठेव, भिजवू नकोस. गंजात 33 लिटर पाणी चढव. चांगल्या भट्टीवर उकळायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात कांदा-लसूण होतो. पाणी उकळलं की हळद, चमचाभर तेल आणि डाळ. फेस झाऱ्याने काढ. वीस मिनिटांनी डाळीचा दाणा दोन बोटांत दाब: बाहेरून मऊ, आत कणी, असा झाला की मग तांदूळ घाल. दोन्ही एकदम घातलंस तर तांदळाचा लगदा होतो आणि डाळ दाताखाली येते. मुगाची डाळ असेल तर मात्र एकदम चालतं.

फोडणी वेगळ्या कढईत कर. गंजाच्या तळाशी फोडणी करून त्यावर पाणी ओतायची पद्धत घरी ठीक; इथे एवढ्या रुंद तळावर लसूण एकीकडे जळतो, दुसरीकडे कच्चा राहतो. तेल तापलं की मोहरी, जिरं, शेंगदाणे. दाणे तांबूस झाले की कांदा, मग ठेचलेला लसूण, शेवटी आच बंद करून हिंग, तिखट आणि काळा मसाला. यातली दोन भाग फोडणी तांदळाबरोबर गंजात टाक आणि एक भाग राखून ठेव. उतरवताना ती वरून ओतली की लसणाचा वास आवारभर जातो. आपल्या माणसाला खिचडीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर तो तिला आजाऱ्याची खिचडी म्हणतो, हे तुला सांगायला नको. तेल वाढवून तो तवंग आणू नकोस, राखलेल्या फोडणीने आण.

मीठ तांदळाबरोबर 400 ग्रॅम घाल, वजन करून. चव बघताना वरची बघू नकोस, मधली आणि तळाजवळची बघ. कमी वाटलं तर कोरडं मीठ टाकायचं नाही. तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून फिरवून ओत, नाहीतर एकाच्या ताटात खडे आणि दुसऱ्याच्या अळणी. खारट झालं तर कणकेचे गोळे टाकून काही होत नाही. वेगळा बिनमिठाचा भात शिजवून मिसळणं हा एकच उपाय. त्यासाठी किलो-दोन किलो तांदूळ कायम जास्तीचा ठेव.

तांदूळ पडल्यावर पहिली दहा मिनिटं आच मोठी, नंतर अगदी मंद. दर चार-पाच मिनिटांनी उलथणं तळाला टेकवून फिरव. तळ खरखरीत लागला की समज, धरायला लागली. त्या क्षणी ढवळणं बंद कर. आच घालव, वरची खिचडी घमेल्यांनी दुसऱ्या भांड्यात घे, आणि तळाचा चार बोटं थर जिथल्या तिथे राहू दे. तो थर वाचवायच्या नादात खरवडलास की करपट वास सगळ्या गंजाला लागतो, मग वर कितीही मसाला घाल, जात नाही.

डाळ शिजत नाही ही तक्रार तुझ्याकडे येणारच, कारण तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. जड पाण्यात डाळ तासन् तास टणक राहते. शक्य तर नळाचं पाणी वापर. नाहीच तर 3 किलो डाळीला सपाट चहाचा चमचा खायचा सोडा, त्यापुढे नाही, चव साबणासारखी लागते. आणि चिंच, टोमॅटो, आमचूर असं काहीही आंबट डाळ पूर्ण मऊ होईपर्यंत घालायचं नाही. डाळ जुनी असली तरी असंच होतं, म्हणून पोतं घेण्याआधी मूठभर घरी शिजवून बघ.

तांदूळ जाडा आणि जुना घे. नव्या तांदळाचा चिकटा होतो. कोणी रेशनचा स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोड, ती खरेदी गुन्हा आहे. पण सरकारी योजनेतून रीतसर मिळाला, तर निवडायला बसलेल्या बायकांना आधीच सांग: त्यात कधी शंभरात एक दाणा वेगळा असतो, थोडा पिवळट, कधी पाण्यावर तरंगतो. तो प्लास्टिकचा नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून केलेला दाणा आहे. गावोगावी बायका तोच वेचून फेकतात.

पोट भरण्याचा हिशेबही करून ठेव. वरच्या प्रमाणात माणशी साडेपाचशे-पावणेसहाशे कॅलरी आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पडतात. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेत दुपारी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं द्यायचा सरकारी नियम आहे, आणि तुझ्याकडे येणारा माणूस तर शहाद्याहून किंवा अक्कलकुव्याहून सकाळी उपाशी निघालेला. म्हणून जोडीला एक केळं दे. रावेर-यावलकडे गाडी भरताना आकाराने बसली नाहीत म्हणून मागे राहणारी केळी चांगली असतात, फक्त मापात नसतात. तिकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेव. पिकलेली दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नकोस.

उरलेल्या तीन दिवसांसाठी डाळभाजी आणि भाकरी. शंभरांना तूरडाळ 4 किलो, पालक आणि आंबट चुका मिळून 5 किलो, पाणी 20 लिटर. एका माणसाला एक मोठं वगराळं. चुका आंबट, त्यामुळे तो डाळ घोटल्यानंतरच. आणि पितळी गंज असेल तर आधी कल्हई बघ, नाहीतर डाळ कळकते.

अडीचशे भाकरी एका ठिकाणी थापायच्या भानगडीत पडू नका. पंचवीस घरांना किलो-किलो पीठ वाटा, किलोत दहा भाकरी होतात, पाचला गोळा करा. दादरची, म्हणजे रब्बीतल्या ज्वारीची, भाकरी गोड, पण दादर परवडणार नाही. खरिपातली हायब्रीड ज्वारी घे आणि चार किलोला एक किलो उडीद घालून कळणा दळून आण. कळण्याची भाकरी पोटात टिकते. घराघरांत एकच गोष्ट बजाव: तव्यावरची गरम भाकरी एकावर एक रचायची नाही. आधी फडक्यावर सुटी गार करायची, मग टोपलीत. गरम रचल्या की घाम सुटतो, खालच्या ओल्या होतात आणि रात्रीपर्यंत वास मारतात.

आता ज्याने खरोखर अनर्थ होतो ते. धुळ्याचा मे किती तापतो ते तुला ठाऊक आहे. तांदळात काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ती उठतात आणि त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. मोठा गंज बाहेरून निवाला तरी मध्ये तासन् तास कोमटच असतो, म्हणजे अगदी त्यांच्या सोयीचा. म्हणून साडेसहाला उतरवलं तर आठला शेवटचं ताट गेलं पाहिजे. तोवर झाकून, हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. घट्ट झालं तर उकळतं पाणी घालायचं, गार कधीच नाही. उरलं तर तिथेच डब्यात वाटून टाका आणि लगेच खायला सांगा. सकाळी फोडणी देऊन वाढणं बंद. वाढणाऱ्याच्या बोटाला चीर पडली असेल, पोट बिघडलं असेल तर त्याने त्या दिवशी ताटं मोजायची, अन्नाला हात लावायचा नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या. फुकट वाटलं तरी ती लागते. आणि खाटेवरच्या पेशंटसाठी कोणी डबा मागितला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कितीही गळ घातली तरी.

रोज वहीत चारच आकडे लिही: किती किलो शिजवलं, किती ताटं गेली, किती उरलं, किती वाजता संपलं. सोमवारी बाहेरगावची गर्दी जास्त, रविवारी कमी असं दिसेल, त्याप्रमाणे पंधरा दिवसांत माप आपोआप बसतं. सिलिंडरही पहिल्या आठवड्यात रोज वजन करून बघ, गॅसचा खरा खर्च तेव्हाच कळेल.

तुझ्या गंजाचं तोंड किती इंचांचं आहे आणि भट्टी कोणती, ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत

ता. क. वाढायला एकच माणूस आणि एकच डाव ठेव, आणि पहिलं ताट वजनकाट्यावर ठेवून त्याला दाखव. डाव बदलला की शंभराचं जेवण ऐंशीत संपतं.